डाव्या चाकाच्या गाडीतला प्रवास, खरा झाला तसा

या प्रवासाचे वर्णन मी एकदा छापले आहे. मुंबईच्या एका दिवाळी अंकात, प्रवास झाला त्याच्या पुढच्या वर्षी. पनवेलच्या वाचनालयात तो अंक हातोहात फिरला आणि त्यातला शेवटचा परिच्छेद लोकांच्या तोंडी बसला. त्या परिच्छेदात मी लिहिले होते की माझ्या बायकोने, सुमतीने, भलत्या वेळी 'या' म्हटले आणि तेवढ्या एका शब्दाने माझी वहिनी गेली. हे खोटे होते. सुमतीने ते मरेपर्यंत सोसले. म्हणून तोच प्रवास आज पुन्हा लिहितो.

रस्ता आता तसा राहिलेला नाही. खोपोलीचा घाट चढताना गाडीला पाणी पाजायला थांबावे लागे, हे आजच्या वाचकाला खरे वाटणार नाही. चौक गावाच्या पुढे पेंढ्याने भरलेल्या बैलगाड्या रस्ता अडवत चालत, हेही नाही. त्यामुळे वाट थोडी तपशिलात सांगतो.

पनवेल

गाडी फ्रेंच होती. पाँडिचेरी आपल्याकडे आली तेव्हा तिथला कोणी साहेब ती विकून मायदेशी गेला. मद्रास, मुंबई असे हात बदलत ती माझ्याकडे आली. मी तेव्हा पनवेलच्या कोर्टात वकिली करत होतो आणि गावात स्वतःची मोटार असलेली माणसे फार थोडी होती. त्यांच्यात आपण असावे ही हौस. गाडी काळी, बुटकी, लांब नाकाची. गिअरचा दांडा छत्रीच्या मुठीसारखा समोरच्या फळीतून बाहेर आलेला. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना, त्यामुळे रस्त्याला घट्ट धरून चालायची. मात्र वळताना पुढच्या चाकांच्या सांध्यांतून सुपारी फोडल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज वाढला की पैसे खर्च होणार हे ठरलेले.

उस्मानभाई मिस्त्री बाजारपेठेच्या टोकाला गाड्या दुरुस्त करत. त्यांनी पहिल्याच दिवशी बॉनेट उघडून पाहिले आणि दोन-तीन पाने नटांना लावून बघितले. मग म्हणाले, "वकीलसाब, बेगम खानदानी आहे. पण आपल्या मुलखाची नाही. हिचे नट मिलिमीटरचे, माझे पाने सगळे इंचाचे."

आमचा पाना एकतर बसायचा नाही, नाहीतर घसरून नटाचे कोपरे गोल करून ठेवायचा. शेवटी त्यांनी कानशीने घासून दोन पाने खास तिच्यासाठी तयार केले. वायपर मोडला तर सुतळी, बल्ब गेला तर मुंबईचा चोरबाजार. बॅटरी सहा व्होल्टची, इथल्या सगळ्या गाड्यांच्या निम्मी, त्यामुळे दिवे कंदिलासारखे. वेग दाखवणारा काटा किलोमीटरचा आणि रस्त्यावरचे दगड मैलांचे. माझे थोरले भाऊ, दादा, पहिल्यांदा बसले तेव्हा काटा साठावर पाहून त्यांनी दाराची मूठ धरली. "बापू, साठ मैलांनी कुठे पळवतोस?" खरे म्हणजे बाजूने जाणारी टपालाची गाडी आम्हाला मागे टाकत होती.

पण मोठी अडचण यातली कोणतीच नव्हती. गाडीचे हातातले चाक, म्हणजे स्टिअरिंग, डाव्या बाजूला होते. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डावीकडून चालवायची आणि पुढच्याला उजवीकडून ओलांडायचे. चाकाशी बसलेला मी डाव्या कडेला. समोर ट्रक किंवा बैलगाडी असली की पलीकडून काय येते आहे ते मला दिसायचे नाही. ते दिसायचे उजवीकडे बसलेल्या माणसाला.

त्या जागेवर सुमती बसू लागली. आम्ही उरणच्या रस्त्यावर संध्याकाळी सराव केला. दोन्ही बाजूंना मिठागरे, मध्ये सरळ रस्ता आणि त्यावरून मिठाच्या गोणींच्या गाड्या. मी पुढच्या गाडीच्या मागे जाऊन वेग कमी करायचा, सुमतीने मान थोडी बाहेर काढून पाहायचे आणि सांगायचे. रस्ता मोकळा असेल तर 'या', नसेल तर 'थांबा'. वळायचे असेल तेव्हा हात बाहेर काढून दाखवायचे कामही तिचेच, कारण माझा हात त्या बाजूला पोचत नव्हता. ती फार लवकर शिकली. समोरून येणारी गाडी किती लांब आहे आणि किती जोरात येते आहे, हे तिला एका नजरेत कळायचे. कधी ती म्हणायची, "थांबा, सायकल आहे. तिच्यामागे ट्रक आहे. ट्रक गेला की या." तो ट्रक मला तोपर्यंत दिसलेलाही नसायचा.

मिठागरावरून घरी जाणाऱ्या आगरी बायका आम्हाला पाहून थांबायच्या. त्यांच्या बाजूने पाहिले तर चाकाच्या जागेवर सुमती.

"बग गो, बाय गारी चालवते," एक म्हणाली.

"हातान चाक पन नाय तिच्या," दुसरी म्हणाली. "नुसती बसून चालवते."

"आन् तो बाबा?"

"तो वझ्याला हाय."

सुमती इतकी हसली की तिला पुढचे दोन शब्द सांगता येईनात आणि मला गाडी कडेला घ्यावी लागली. हा प्रसंग मी पहिल्या लेखात घातला होता. वाचकांना फार आवडला.

खोपोलीचा घाट

भातकापणी आटोपल्यावर आम्ही निघालो. मी, सुमती, दादा आणि वहिनी. वहिनींनी पनवेलच्या पलीकडे अलिबाग सोडून काही पाहिले नव्हते आणि वाईला कृष्णेवर जायचे त्यांच्या फार मनात होते. त्यांची मुलगी कुसुम हिची सहामाही परीक्षा होती, म्हणून तिला आजीकडे ठेवले. ती रुसून दाराशीही आली नाही.

दादांबद्दल सांगायला हवे. आमचे वडील लवकर गेले. दादांनी शाळा सोडली, भाताची गिरणी सांभाळली आणि मला वकील केले. आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा असे. मी कोर्टात न्यायाधीशांसमोर तासभर बोलत असे, पण दादांनी "बापू" म्हटले की माझी पुढची ओळ विसरायची. ते दुष्ट नव्हते. थट्टेखोर होते, आणि थट्टा लागली आहे असे दिसले की ती त्यांना जास्त आवडायची.

मागे डावीकडे, माझ्या पाठीशी दादा. उजवीकडे, सुमतीच्या पाठीशी वहिनी. मांडीवर दशम्यांचा डबा.

पळस्प्याच्या पुढे नाक्यावर शिपायाने गाडी थांबवली आणि सरळ सुमतीच्या खिडकीशी गेला.

"बाई, लायसन?"

"माझं नाही, ह्यांचं आहे," सुमती म्हणाली. "मी नुसती बघते."

शिपायाने आत वाकून चाक कुठे आहे ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "आसं व्हय. म्हणजे तुम्ही हातानं आन् ह्या तोंडानं."

दादा मागे खळाळून हसले. "तसंच आहे आमच्याकडे. घरीसुद्धा."

खोपोलीपासून घाट लागला. बेगमने अर्ध्या वाटेत वाफ सोडली. इंजिन निवेपर्यंत आम्ही कठड्यावर बसून दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली. खाली कोकण उन्हात पसरलेले, धुरकट. वहिनींना त्यात पनवेल शोधायचे होते. "ते चमकतंय ते आपलं मिठागर का हो, बापूभावोजी?" मी हो म्हणालो. ते मिठागर असणे शक्य नव्हते, पण त्यांना आनंद झाला.

वरच्या वळणांवर पुढे माल लादलेले ट्रक होते. सुमती तीन-चारदा 'थांबा' म्हणाली आणि आम्ही एका ट्रकमागे बराच वेळ रांगत राहिलो. दादा कंटाळले.

"बापू, तुला समोरचं काहीच दिसत नाही?"

"या बाजूने नाही दिसत, दादा."

"म्हणजे ही थांब म्हणाली की थांबायचं, चल म्हणाली की चालायचं."

"तसंच."

"बरं आहे. आमच्या वेळी बायकांना असं काही सांगायची सोय नव्हती."

सुमती पुढे पाहत राहिली. नवऱ्याला सगळ्यांच्या देखत, तेही थोरल्या दिरासमोर, 'थांबा' असे सांगणे तिलाही सोपे जात नव्हते. पनवेलच्या रस्त्यावर ती मोठ्याने सांगायची. दादा गाडीत असताना तिचा आवाज हळू झाला होता. मला ते कळत होते. वहिनींनाही कळले असावे, कारण त्या मागून तिच्या खांद्याशी वाकून म्हणाल्या, "तू सांग गं मोठ्याने. तुला दिसतंय ना?"

वाई

वाईला माझा एक कॉलेजातला मित्र वकिली करत होता. त्याच्याकडे उतरलो. जेवायला ज्वारीची भाकरी, पिठले, वांग्याची भरली भाजी आणि वर तुपाची धार. आमच्या घरी भाकरी तांदळाची आणि सोबत काही ना काही खाडीतले. दादांनी पहिल्याच घासाला विचारले, "इथे मासळी कुठे मिळते?" यजमानांची आई ताटाशी बसली होती, तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि दादांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

संध्याकाळी घाटावर गेलो. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, पाणी संथ आणि स्वच्छ. वहिनी शेवटच्या पायरीवर बसल्या, ओंजळ भरली आणि प्यायल्या. मग पुन्हा भरली.

"गोड आहे हो," त्या म्हणाल्या.

"नदीचं पाणी गोडच असणार," दादा म्हणाले.

"आपली खाडी बघून बघून मला वाटायचं, मोठं पाणी म्हटलं की खारटच." त्यांनी सुमतीला पाणी पाजले. दोघी मग तिथेच पाय सोडून बसल्या आणि आम्ही हाक मारली तरी उठल्या नाहीत.

रात्री जेवणानंतर मित्राने गाडीची चौकशी केली. 'या' आणि 'थांबा' हा प्रकार ऐकून त्याला मोठी गंमत वाटली. "म्हणजे कोर्टात युक्तिवाद तुझा," तो म्हणाला, "आणि रस्त्यावर निकाल सुमतीवहिनींचा."

बोलून तो विसरला. दादा विसरले नाहीत.

महाबळेश्वर

दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट चढताना सुमतीने 'थांबा' म्हटले की मागून आवाज यायचा, "निकाल लागला." 'या' म्हटले की, "अपील मंजूर." पहिल्यांदा सगळेच हसलो. नंतर एकटे दादा हसत होते. त्यानंतर मीही हसू लागलो, कारण न हसणे जास्त अवघड होते. सुमतीने एकदा माझ्याकडे पाहिले.

पाचगणीच्या अलीकडे चाकांच्या सांध्याचा आवाज वाढला. मी खाली वाकून घासलेल्या पान्याने एक नट आवळला आणि बोटाचे कातडे सोलून घेतले. दादा शेजारी उभे होते. "बायकोला विचारलंस का, आवळू की सैल सोडू?"

महाबळेश्वराबद्दल पहिल्या लेखात मी चार पाने लिहिली होती. धुके, दऱ्या, साहेबांचे जुने बंगले, मध, घोडेवाले. ती कुठेही वाचायला मिळतील. मला आज आठवते ते एवढेच. थंडीने बॅटरी बसली आणि सकाळी हँडल मारून मारून मी घामाघूम झालो. तेवढ्यात सुमती खाली आली. आजूबाजूला कुणी नव्हते. ती म्हणाली, "एकदा मला त्या बाजूला बसवाल? सपाट रस्त्यावर. मला जमेल असं वाटतं."

"दादा काय म्हणतील?" मी म्हणालो.

ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं."

मी पुन्हा हँडल फिरवायला लागलो. इंजिन चालू झाले आणि उत्तर द्यायचे राहून गेले.

बाजारात वहिनींनी कुसुमसाठी चपला घेतल्या. माप माहीत नव्हते. त्यांनी स्वतःच्या वितीने अंदाज केला आणि एक बोट वाढवून घेतल्या, कारण मुलगी वाढती आहे.

परतीचा रस्ता

परत येताना घाई होती. दादांना गिरणीवर भात उतरवून घ्यायचे होते. दिवस मावळायच्या आत पनवेल गाठायचे असे त्यांनी ठरवले आणि प्रत्येक खोळंब्याचा हिशेब सुमतीच्या नावावर लिहायला सुरुवात केली. खंडाळ्याला ट्रकमागे अडकलो, ती चूक तिची. घाट उतरताना एका बसला वाट दिली, ती तिची. खोपोलीला आम्ही चहा प्यायलो. हॉटेलवाल्याने बशा मांडल्या, तेव्हा दादा त्याला म्हणाले, "पहिला चहा तिकडे द्या. साहेब त्या आहेत. हे ड्रायव्हर."

हॉटेलवाला हसला. शेजारच्या बाकावरचे दोन ट्रकवाले हसले. मी चहा संपवला. तो हॉटेलवाला किंवा ते ट्रकवाले मला पुन्हा कधी भेटणार नव्हते. तरी त्यांच्या हसण्याचे मला जे वाटले, ते त्या दिवशी मला जगातले सर्वांत महत्त्वाचे वाटले.

चौक सोडले. त्या दिवसांत पेंढा मुंबईच्या तबेल्यांसाठी पनवेल बंदराकडे जात असे. रस्त्यात पेंढ्याच्या बैलगाड्यांची रांग लागली. पेंढा चाकांच्या बाहेर दोन्हीकडे हातभर आलेला, वर माणसाच्या दुप्पट उंच. अशा गाडीमागे डाव्या चाकाचा माणूस म्हणजे भिंतीमागे बसलेला माणूस. मला पिवळ्या पेंढ्याशिवाय काही दिसत नव्हते.

सुमती 'या' म्हणाली, मी एक गाडी ओलांडली. पुन्हा 'या', दुसरी ओलांडली. तिसऱ्या गाडीशी रस्ता किंचित वळत होता. मी वेग कमी केला.

दादा मागून म्हणाले, "विचार, विचार. साहेबांना विचारल्याशिवाय कसा जाणार?"

सुमती म्हणाली, "थांबा."

मोठ्याने म्हणाली. वहिनींनी सांगितले होते तशी.

दादा हसले. "बघ, लागला निकाल."

मी मान वळवून सुमतीकडे पाहिले. मग चाक उजवीकडे फिरवले आणि गाडी काढली.

समोरून कांद्याचा ट्रक येत होता. मी पुन्हा डावीकडे दाबायचा प्रयत्न केला. गाडीचे नाक पेंढ्यात घुसले आणि मागची उजवी बाजू ट्रकच्या वाटेत राहिली. त्या बाजूला वहिनी होत्या. सुमतीचा उजवा हात खिडकीशी होता, तो दारात सापडून कोपरापाशी मोडला. मला आणि दादांना खरचटलेही नाही.

गाडीवान म्हातारा होता. त्याने बैल सोडले, पेंढा ओढून रस्त्याच्या कडेला पसरला आणि म्हणाला, "मावलीला हितं ठेवा. उचलून उभी नका करू." आम्ही वहिनींना पेंढ्यावर ठेवले. त्यांनी सुमतीकडे पाहिले, काही सांगायला ओठ हलवले. आवाज आला नाही. ट्रकवाल्याने कांद्याच्या गोणी सारून जागा केली आणि आम्हाला पनवेलच्या दवाखान्यात आणले. वहिनी वाटेतच गेल्या.

पुन्हा पनवेल

फौजदार दवाखान्याच्या ओसरीवर आला. माझ्या ओळखीचा होता, रोज कोर्टात भेटायचा. त्याने मला खुर्ची दिली.

हयगयीने गाडी चालवून माणूस मेले तर काय कलम लागते, त्याला शिक्षा काय आणि वकिलाच्या सनदेचे त्यात काय होते, हे मला पाठ होते. दुसऱ्यांच्या अशा खटल्यांत मी उभा राहिलो होतो. फौजदाराने अजून काही विचारले नव्हते. मी आपण होऊन म्हणालो, "या गाडीत मला समोरचं दिसत नाही. उजवीकडचा माणूस सांगतो. माझ्या बायकोने 'या' म्हटलं, म्हणून मी गाडी काढली."

दादा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी ऐकले. फौजदाराने त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "मी मागे होतो. माझं लक्ष नव्हतं."

सुमतीचा हात प्लास्टरमध्ये घातल्यावर फौजदार तिच्या खाटेशी गेला. मी बरोबर गेलो. जायला नको होते.

"बाई," तो म्हणाला, "वकीलसाहेब म्हणतात, तुम्ही 'या' म्हणालात. खरं आहे?"

सुमती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मी खिडकीबाहेर पाहिले.

"हे म्हणतात तसंच," ती म्हणाली.

अपघाती मृत्यू म्हणून प्रकरण मिटले. सनद राहिली. त्या रात्रीपासून सुमती आणि मी त्या शब्दाबद्दल कधी बोललो नाही. दादा आणि मीही नाही. आम्ही भाऊ एका पंगतीत जेवत होतो, एकमेकांना वाढत होतो, आणि दोघांनाही माहीत होते. दादांनी त्यानंतर कुणाची थट्टा केलेली मला आठवत नाही. ते त्यांच्यापुरते प्रायश्चित्त असेल. सुमतीला त्याचा काही उपयोग नव्हता.

कुसुमने महाबळेश्वरच्या चपला कधी घातल्या नाहीत. ती आमच्याच घरात वाढली. सुमतीने वाढलेले ताट ती घेत नसे. उठून स्वतः घ्यायची. सुमतीचा हात कोपरात कायमचा वाकडा राहिला होता, तसाच पुढे करून ती रोज विचारायची, "भात वाढू?" आणि कुसुम रोज ताटावर हात धरायची. मी समोर बसलेला असे.

मग मी तो लेख लिहिला. संपादकांनी मागितला, हे खरे आहे. नाही म्हणता आले असते, हेही खरे आहे. शेवटच्या परिच्छेदात 'नियतीने तिच्या मुखातून तो शब्द काढला' असे मी लिहिले. वाक्य चांगले जमले आहे असे मला तेव्हा वाटले होते. त्यानंतर कोर्टाच्या वकीलखोलीत कुणी बायकोचा सल्ला घेतला असे म्हणाला की दुसरा हळूच 'या' म्हणायचा आणि बाकीचे हसायचे. मी आत गेलो की गप्प व्हायचे. भाजीबाजारात सुमतीच्या पाठीमागे बायका बोलायच्या. ती भाजी घेऊन यायची आणि निवडायला बसायची.

गाडी उस्मानभाईंच्या आवारात ताडपत्रीखाली पडून राहिली. पुढे तिचे इंजिन एका मिठागराच्या मालकाने पाणी उपसायला नेले. उस्मानभाई एकदा मला म्हणाले, "भाभी चुकल्या असतील असं मला वाटत नाही, वकीलसाब. मी त्यांना बघितलंय रस्त्यावर." मी म्हणालो, "माणूस आहे, चुकतं." त्यानंतर माझ्याशी त्यांनी कामापुरतेच बोलणे ठेवले.

दादा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. ते गेल्यावर कुसुम, जी लग्न होऊन उरणला गेली होती, सुमतीकडे येऊ लागली. दोघी तासन्‌तास आतल्या खोलीत बसायच्या. येताना कुसुम तिच्यासाठी सुकट आणायची आणि जाताना पाया पडून जायची. मी मनात म्हटले, झाले, काळाने भरून काढले. आता जुने उकरून काय करायचे? हे कारण मला फार सोयीचे वाटले आणि मी ते सुमती जाईपर्यंत वापरले.

इथपर्यंतचा मजकूर लिहून झाल्यावर मी आधी कुसुमकडे नेला. ती आता नवीन पनवेलला मुलाजवळ राहते. तिच्या आईच्या मरणाची खरी हकीकत तिने दुसऱ्याच्या आधी वाचावी, असे मला वाटले. तिने चष्मा लावला आणि सावकाश शेवटपर्यंत वाचले. मी तिच्या रडण्याची किंवा रागावण्याची तयारी करून बसलो होतो.

"हे मला माहीत आहे, काका," ती म्हणाली. "बाबांनी जाण्याआधी सांगितलं."

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला. तिने ते दिले नाहीत.

"मी दुसऱ्याच दिवशी काकूकडे गेले. म्हटलं, आत्ता काकांसमोर सगळं बोलते. तिने माझा हात धरला. म्हणाली, नको. त्यांचं त्यांना सांगू दे."

"कुणाला सांगू दे?"

"तिला. तुम्ही आपण होऊन कबूल कराल म्हणून ती थांबली होती." कुसुमने कागद नीट लावले. "मी आले की विचारायची मी, बोलले का काका? ती म्हणायची, आज बरे दिसत होते, बोलतील. शेवटी शेवटी मी विचारायचं सोडलं."

मग तिने मधले एक पान काढून माझ्यापुढे ठेवले. तिसऱ्या पेंढ्याच्या गाडीचा प्रसंग होता. तिथे मी लिहिले होते की इंजिनाचा आवाज मोठा होता, त्यामुळे सुमतीचा शब्द माझ्यापर्यंत नीट पोचला नसावा.

"हे काढा," कुसुम म्हणाली. "काकूने मला सांगितलंय. तुम्ही तिच्याकडे वळून बघितलंत."

मी खिशातले पेन काढले आणि ते वाक्य खोडून तिने सांगितले तसे लिहिले. वर छापले आहे ते त्यानंतरचे.

ती पाहत होती. लिहून झाल्यावर तिने विचारले, "बघितलंत तेव्हा ती कशी दिसत होती?"

हे आजवर मला कुणी विचारले नव्हते. मी सांगितले. सुमती घाबरलेली नव्हती. तिने पुन्हा पुढे पाहायला मान वळवलीही होती, कारण सांगायचे ते सांगून झाले होते आणि मी थांबणार हे ती धरूनच चालली होती.